काळजाचा ठोका चुकवणारी एक घटका



गेले काही आठवडे या सदरात आपण हरभऱ्याची पेरणी, गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या, कांद्याची रोपे असे रोजच्या कामाचे विषय घेतले. आता खरिपाची मळणी उरकली आहे, रब्बीची उगवण झाली आहे आणि रात्री लांबल्या आहेत. तेव्हा आज जरा जू उतरवून बसू. आजचा विषय आहे रहस्यपट, आणि रेडिओवरची ती जुनी नाटके, जी ऐकताना हातातला घास हातातच राहायचा.

कृषी विस्तार अधिकाऱ्याचा आणि खुनाच्या गोष्टींचा काय संबंध, असे तुमच्यापैकी कोणी नक्की म्हणेल. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. पण तो लगेच सांगितला तर या विषयाची मजाच गेली. तो पुढे येईल.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण आपण सगळ्यालाच 'सस्पेन्स' म्हणून मोकळे होतो. एक असते रहस्य. खून झाला, कोणी केला ते माहीत नाही, ते शेवटच्या रिळात कळते. दुसरी असते उत्कंठा. तिच्यात लपवलेले फारसे काही नसते, उलट आपल्याला आधीच सांगून ठेवलेले असते. आल्फ्रेड हिचकॉक नावाचा एक मोठा दिग्दर्शक होऊन गेला. जन्माने इंग्रज, पुढे अमेरिकेत गेला. १९६२ साली त्रूफो या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याची दीर्घ मुलाखत घेतली. तिच्यात त्याने हा फरक एका उदाहरणाने समजावला. चार माणसे टेबलाभोवती बसून गप्पा मारत आहेत. एकदम टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. बघणारा दचकतो, पण फक्त पंधरा सेकंद. आता तेच दृश्य असे दाखवा की बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले आहे, तो एक वाजता फुटणार हे त्याला ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे. गप्पा त्याच, बेचव. पण आता प्रेक्षक खुर्चीत बसून मनात ओरडतो, 'अरे बाबांनो, गप्पा काय मारताय, खाली बघा!' पंधरा सेकंदांच्या जागी पंधरा मिनिटे मिळाली. आणि हे साधले कशाने? तर प्रेक्षकाला खरे ते सांगितल्यामुळे.

मला हे वाचताना आपली हुमणी आठवली. हसू नका. ऊस हिरवागार उभा आहे, मालक बांधावर बसून कारखान्याची तोड कधी येईल त्याचा हिशोब करतो आहे, आणि खाली मातीत पांढरट अळी मुळ्या कुरतडते आहे. मालकाला ते ठाऊक नाही, ज्याने वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर आणि बाभळीवर भुंगेरे पाहिले आहेत त्याला ठाऊक आहे. टेबलाखालचा बॉम्ब म्हणजे तरी दुसरे काय?

हिचकॉकचा 'व्हर्टिगो' नावाचा चित्रपट आहे, १९५८चा. त्यात एक मोठे गुपित आहे. दुसरा कोणी असता तर ते शेवटपर्यंत मुठीत धरून बसला असता. हिचकॉकने चित्रपट बराच शिल्लक असतानाच ते प्रेक्षकाला सांगून टाकले. नायकाला मात्र सांगितले नाही. मग आपण बघतो ते 'काय असेल' म्हणून नाही, तर 'याला कळेल तेव्हा काय होईल' म्हणून. आपल्याकडच्या कीर्तनकारांना ही युक्ती फार जुनी ठाऊक आहे. हरिश्चंद्राची कथा सगळ्या गावाला तोंडपाठ असते, तरी स्मशानातला प्रसंग आला की पदर डोळ्यांना लागतातच.

आता रेडिओकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे आहे.

अमेरिकेत दूरदर्शन घरोघरी येण्याआधी, साधारण १९३० ते १९५० या काळात, रेडिओ हेच घरातले नाटकगृह होते. सीबीएस या कंपनीच्या रेडिओवर 'सस्पेन्स' याच नावाची एक मालिका १९४२च्या जूनमध्ये सुरू झाली आणि १९६२च्या सप्टेंबरपर्यंत चालली. वीस वर्षे! नऊशेंहून अधिक नाटके झाली. बहुतेक नाटके अर्ध्या तासाची. त्यातून जाहिराती आणि निवेदन वजा केले तर जेमतेम आपली जुनी एक घटका उरते, चोवीस मिनिटांची. तेवढ्यात माणसे उभी करायची, संकट आणायचे, गळ्यापर्यंत पाणी चढवायचे आणि निकाल लावायचा.

यातले सर्वांत गाजलेले नाटक १९४३च्या २५ मे रोजी पहिल्यांदा लागले. लेखिका ल्यूसिल फ्लेचर. नाव 'सॉरी, राँग नंबर'. गोष्ट ऐका. न्यूयॉर्क शहरात एक आजारी बाई रात्री घरात एकटी आहे. अंथरुणाला खिळलेली. नवरा अजून आलेला नाही म्हणून ती त्याच्या कचेरीत टेलिफोन लावते. लाइन सारखी गुंतलेली. ऑपरेटरला सांगून पुन्हा लावते, तेव्हा क्रॉस कनेक्शन होते आणि दोन अनोळखी पुरुषांचे बोलणे तिच्या कानावर पडते. आज रात्री सव्वाअकराला एका बाईचा खून करायचा आहे. त्याच वेळी पुलावरून आगगाडी जाते, तिच्या खडखडाटात बाई ओरडली तरी ऐकू जाणार नाही. एवढे ऐकू येते आणि लाइन तुटते.

पुढचे सगळे नाटक म्हणजे ती बाई आणि तिचा टेलिफोन. ती ऑपरेटरला विनवते, पोलिसांना लावते, वरिष्ठांना बोलावते. जो तो नियम सांगतो. नाव काय, पत्ता काय, नंबर माहीत नसेल तर आम्ही काय करणार. आपल्यापैकी ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिली आहे किंवा एखाद्या कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घातले आहेत, त्यांना त्या बाईचा संताप ओळखीचा वाटेल. बाई तशी गोड स्वभावाची नाही. हट्टी आहे, तिरसट आहे, ऐकणाऱ्याला सुरुवातीला तिचा रागच येतो. आणि इथेच लेखिकेचे कसब आहे. घड्याळ पुढे सरकते, आणि ती दुसरी बाई कोण असावी याचा संशय ऐकणाऱ्याला तिच्या आधी येऊ लागतो. मग राग कुठल्या कुठे जातो. शेवटचे वाक्य मी सांगणार नाही.

अॅग्नेस मूरहेड या अभिनेत्रीने ते काम केले. लोकांनी इतके उचलून धरले की त्याच मालिकेत ते पुन:पुन्हा सादर करावे लागले. १९४८ साली त्यावर चित्रपट निघाला, बार्बरा स्टॅनविक आणि बर्ट लँकेस्टर यांचा. चित्रपट चांगला आहे, स्टॅनविकबाईंचे काम फारच चांगले आहे. पण माझे मत विचाराल तर रेडिओचे नाटक सरस. अर्ध्या तासाची गोष्ट दीड तासाची करायची म्हणून चित्रपटात नवऱ्याची भानगड, तिच्या बापाचा पैसा, मागच्या आठवणी असे पुष्कळ भरावे लागले. शेराच्या मापात अडीच शेर ओतले की सांडणारच. शिवाय चित्रपटात ती बाई दिसते, तिची खोली दिसते, जिना दिसतो. रेडिओवर यातले काही दिसत नाही. फक्त नंबर फिरवल्याचा कर्र कर्र आवाज, लाइन गुंतल्याचा आवाज आणि तिचा चढत जाणारा श्वास. खोली आपण आपल्या मनाने बांधतो, आणि आपल्याच भीतीच्या विटांनी बांधतो. ती सुतार-गवंड्याने स्टुडिओत बांधलेल्या खोलीपेक्षा जास्त अंधारी असते.

लहानपणी शेकोटीपाशी बसून ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून वेताळाच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. सांगणारी आजी मध्येच गप्प व्हायची, काटकी सरकवायची, आणि त्या गप्प बसण्यानेच पोरे एकमेकांना चिकटायची.

हे आवाज काढायचे कसे, ही एक वेगळीच मौज आहे आणि ती बरीचशी आपल्या भाजी मंडईतली आहे. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंटीचे दोन भाग. बर्फातून चालणे म्हणजे मक्याच्या पिठाची थैली मुठीने दाबणे. आग म्हणजे चुरगळलेला सेलोफेनचा कागद. पावसासाठी वाटाणे किंवा दाणे चाळणीत फिरवायचे. 'लाइट्स आउट' नावाची भयकथांची एक मालिका १९३४ साली शिकागोत सुरू झाली. तिच्यात तर मुंडके उडवायचे म्हणजे कोबीचा गड्डा सुरीने कापायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणि माईकसमोर चाललेली कोशिंबिरीची तयारी! याच मालिकेत १९३७ साली एक नाटक झाले. प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेले कोंबडीचे काळीज वाढत सुटते आणि सगळे जग व्यापते. कुक्कुटपालन करणाऱ्या बंधूंनी घाबरू नये, लेयर पक्ष्यांमध्ये हा रोग आढळलेला नाही.

आता एक रास्त आक्षेप घेतो. एका गावच्या बैठकीत, काम संपल्यावर गप्पा चालल्या असता, एका बाईंनी मला सरळ विचारले होते. "साहेब, आमच्या जिवाला काय कमी घोर आहे? पाऊस पडेल का, भाव मिळेल का, सोसायटीचं कर्ज फिटेल का. वर आणखी पैसे देऊन कशाला घाबरून घ्यायचं?"

प्रश्न खरा आहे. शेतकऱ्याचे वर्ष म्हणजे वाट पाहणेच आहे. मृगाची वाट, पोटऱ्यात आलेल्या ज्वारीवर अवकाळी येते की काय याची धास्ती, कांदा चाळीत ठेवून भावाची वाट. पण नीट पाहा, त्या वाट पाहण्यात आणि नाटकातल्या वाट पाहण्यात मोठा फरक आहे. पावसाची वाट पाहताना ती कधी संपेल हे कोणीच सांगू शकत नाही. जुलै कोरडा गेला की माणूस ऑगस्टकडे डोळे लावतो. तो घोर एकट्याने गिळायचा असतो, घरातल्या माणसांना दिसू द्यायचा नसतो. नाटकातला घोर अर्ध्या तासात सुटतो म्हणजे सुटतोच. आणि तो सगळ्यांनी मिळून भोगायचा असतो. सासरा, सून, नातवंडे सगळी एकाच वेळी श्वास धरतात आणि एकाच वेळी सोडतात. दिवसभर ज्याने छातीवर दगड ठेवून चेहरा हसरा ठेवला त्याला चारचौघांत 'बाप रे' म्हणायची मुभा मिळते. औषध म्हणून सांगत नाही, औषधाची जागा वेगळी. पण एवढा विसावा काही वाईट नाही. त्या बाई मात्र पटल्यासारख्या दिसल्या नाहीत. त्यांना भक्तिगीते आवडतात. तेही उत्तमच.

आता राहिलेला तो संबंध.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंड जिंकला होता पण उपाशी होता. धान्याला, साखरेला, मांसाला रेशन होते. १९४६ ते १९४८ या काळात तर पावावरही रेशन आले. रेशन पूर्ण उठायला १९५४ उजाडले. सरकारला शेतकऱ्यांकडून जास्त पीक हवे होते, आणि त्यासाठी नवी माहिती बांधाबांधावर पोचवायला हवी होती. बीबीसीच्या रेडिओवर शेतीची भाषणे होत. तज्ज्ञ बोलत, शेतकरी पेंगत. हे चित्र कोणत्याही देशातल्या विस्तार अधिकाऱ्याला ओळखीचे वाटेल.

त्याच वेळी बीबीसीवर एक हेरकथा धुमाकूळ घालत होती. 'डिक बार्टन'. १९४६च्या ऑक्टोबरपासून सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पावणेसातला, पंधरा मिनिटे. रोजचा भाग नायकाला मरणाच्या दारात उभा करून संपायचा. कोट्यवधी लोक ऐकत. पोरे खेळ सोडून घरात पळत. या नायकासाठी बीबीसीने नियमच घालून दिले होते, त्याने दारू प्यायची नाही, खोटे बोलायचे नाही, वगैरे. आजच्या नायकांना असे नियम घातले तर निम्मे बेकार होतील.

१९४८ साली बर्मिंगहॅम शहरात बीबीसीच्या गॉडफ्रे बेसली यांनी शेतकऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची बैठक घेतली. शेतकऱ्यांना ऐकावेसे वाटेल असे काय करावे, हा विषय. चर्चा रटाळ चालली होती. तेव्हा लिंकनशायर भागातला हेन्री बर्ट हा शेतकरी उभा राहिला आणि म्हणाला की आम्हाला शेतीतला डिक बार्टन पाहिजे. सभागृह हसले. हसणे स्वाभाविक होते. खुनी, हेर, स्फोट यांच्या जागी दुभत्या गाई आणि बियाणे घालायचे कसे?

पण बेसलींच्या डोक्यात ते बी रुजले. त्यांनी कोणाला लिहायला सांगितले असेल? ज्या जोडीने डिक बार्टन लिहिला होता तिलाच, एडवर्ड मेसन आणि जेफ्री वेब यांना. शेतीखात्याने माहिती पुरवली. १९५०च्या मे महिन्यात आठवडाभर वानगीदाखल भाग झाले आणि १ जानेवारी १९५१ पासून 'द आर्चर्स' ही मालिका सगळ्या देशात सुरू झाली. एक शेतकरी कुटुंब, त्यांचे गाव, गावातला गुत्ता, भांडणे, लग्ने. गमतीची गोष्ट अशी की १९५१च्या मार्चअखेर डिक बार्टन बंद झाला आणि पावणेसातची त्याची वेळ आर्चर्सला मिळाली. हेर गेला आणि त्याच्या खुर्चीत शेतकरी येऊन बसला. तो अजून उठलेला नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ ती मालिका चालू आहे.

त्या दोघा लेखकांनी हेरकथेतून काय उचलले, ते मला धंद्याचा माणूस म्हणून फार मोलाचे वाटते. बंदूक उचलली नाही, पाठलाग उचलला नाही. उचलली ती फक्त 'उद्या काय होणार' ही एक गाठ. घरच्या जनावरांना लाळ्या-खुरकूत झाला की काय, या शंकेवर भाग संपला की दुसऱ्या दिवशी सगळे शेतकरी रेडिओपाशी. आणि मग पशुवैद्याच्या तोंडून जे येई ते भाषण राहात नसे. लोक ते ऐकायलाच थांबलेले असत.

१९५५च्या २२ सप्टेंबरला तर कहर झाला. त्या कुटुंबातली नवी सून ग्रेस. तबेल्याला आग लागते. घोडा बाहेर काढायला ती आत शिरते, आणि वरून तुळई कोसळते. ग्रेस मेली. त्याच संध्याकाळी इंग्लंडमध्ये पहिली खाजगी दूरदर्शन वाहिनी सुरू होत होती, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती ग्रेसची. बीबीसीचे टेलिफोन वाजत राहिले, पत्रांचा ढीग पडला. खऱ्या बाईचे सुतक पाळावे तसे लोकांनी पाळले.

आपल्याकडेही या सुमारास एक मोठा प्रयोग झाला आणि तो आपल्याच पुण्यात. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामीण मंडळे चालवली. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि ठरवलेले अमलात आणायचे. त्याचे निष्कर्ष इतके चांगले आले की पुढे ही कल्पना देशभर गेली. तिथे भर चर्चेवर होता. एकत्र बसून ऐकणे मात्र दोन्हीकडे होते.

मला कधी कधी वाटते, हुमणीवर तसे वीस भाग लिहावेत. पहिल्या भागात लग्न ठरते, उसाच्या पैशावर सगळा भरवसा. वळवाचा पाऊस पडतो, सगळे आनंदात, आणि धाकटी पोर म्हणते, 'आजी, बाभळीवर हे किडे कसले गं?' कोणी लक्ष देत नाही. तिथे भाग संपवायचा. ऐकणाऱ्याने रात्रभर तळमळायचे, 'अरे, आत्ताच फांद्या हलवून गोळा करा, प्रकाश सापळा लावा, श्रावणात अळी मोठी झाल्यावर काय करणार आहात?' हे शब्द अधिकाऱ्याच्या तोंडून येण्याआधी ऐकणाऱ्याच्याच तोंडून आले पाहिजेत. कोणी लिहिणारा भेटला तर शास्त्रीय माहिती द्यायला मी तयार आहे.

मराठीत या जातीचे काही नाही असे समजू नका. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४चा. वकील नवरा, वारलेली बायको, आणि एक दिवस पोलिसांनी पकडलेली बाई कोर्टात उभी राहून म्हणते की मीच त्याची बायको. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. यावरूनच १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' निघाला. म्हणजे उसने आपण दिले, घेतले नाही. हा मात्र रहस्याचा नमुना, बॉम्ब दाखवणारा नव्हे. हिंदीतला 'इत्तेफाक' १९६९चा, त्यात एकही गाणे नाही. उत्कंठेच्या चित्रपटात गाणे म्हणजे तापत आलेल्या तव्यावर पाण्याचा शिपका, असे माझे मत आहे. घरात ते कोणालाच पटत नाही.

जुन्या अमेरिकन नाटकांची ध्वनिमुद्रणे आज मोबाईलवर मिळतात. भाषा इंग्रजी आहे, पण सुरुवातीचे वाक्य न् वाक्य कळले नाही तरी बिघडत नाही. बारावी-पंधरावी शिकणारी मुलगी किंवा नातू घरात असेल तर त्याला मधोमध बसवा, दर पाच मिनिटांनी थांबवून मराठीत सांगायला लावा. त्याचे इंग्रजी सुधारेल आणि तुमची उत्कंठा दुप्पट होईल, कारण तो मुद्दाम उशीर लावेल. दिवा बारीक करा. दहा वर्षांखालच्या पोरांना मात्र निजवून मग ऐका. आणि रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, दोन्ही कानांत बोंडे घालून उसात शिरू नका. साप आणि बिबट्या कोणतीही सूचना न देता येतात. मोटारीच्या खोलीत बसून ऐका.

सुरुवात कशाने करावी, असे विचाराल तर आपल्या धंद्यातले एक नाटक सांगतो. 'लायनिंगन विरुद्ध मुंग्या'. मूळ कथा कार्ल स्टीफन्सन या जर्मन लेखकाची. 'एस्केप' या मालिकेत ती १९४८च्या जानेवारीत नाटक म्हणून लागली, आणि १९५४ साली तिच्यावरून 'द नेकेड जंगल' हा चित्रपट निघाला. ब्राझीलच्या जंगलात लायनिंगनचा मोठा मळा आहे, चारशे मजूर आहेत. सरकारी अधिकारी नावेतून धावत येतो आणि सांगतो की मुंग्यांची फौज येते आहे, सोळा किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद, वाटेतले हाडामांसाचे काही शिल्लक ठेवत नाही, पळा. लायनिंगन ऐकत नाही. (सरकारी अधिकाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हे ब्राझीलमध्येही आहे असे दिसते.) त्याने तयारी केलेली असते. मळ्याच्या तीन बाजूंना बारा फूट रुंद पाण्याचा चर, चौथ्या बाजूला नदी. आत दुसरा सिमेंटचा चर, त्यात पेट्रोल सोडायची सोय.

लष्करी अळीची फौज एका शेतातून दुसऱ्यात सरकू नये म्हणून आपल्याकडेही बांधाला चर खणतात, तेव्हा हे नाटक तुम्हाला परके वाटणार नाही. २०१८ साली मक्यावर नवी अमेरिकन लष्करी अळी आली तेव्हा ज्यांनी रात्रीतून पोंगे खाल्लेले पाहिले, त्यांना तर नाहीच. एक शास्त्रीय दुरुस्ती मात्र नोंदवतो. कथेतल्या मुंग्या झाडे ओरबाडतात. खऱ्या लष्करी मुंग्या पिकाला हात लावत नाहीत, किडे-कोळी मारून खातात. पाने कापणाऱ्या मुंग्या वेगळ्या. लेखकाने दोघींचे दुर्गुण एकीच्या पदरात घातले आहेत.

मुंग्या पाण्यापाशी येऊन थांबतात. मग झाडांवर चढून पाने तोडतात, पानांच्या होड्या करून चर ओलांडू लागतात. पहिला चर जातो. दुसऱ्यातले पेट्रोल पेटवून पेटवून संपत येते. आता एकच उपाय उरतो. नदीवरच्या बंधाऱ्याचे चाक फिरवून सगळा मळा, स्वतःच्या हाताने वाढवलेला मळा, पाण्याखाली घालायचा. पण ते चाक मुंग्यांच्या पलीकडे आहे. मधल्या रानात पाय ठेवायला जागा नाही, जमीन काळी होऊन हलते आहे. लायनिंगन गुडघ्यापर्यंत बूट चढवतो, हातमोजे घालतो, डोळ्यांना चष्मा बांधतो आणि एकटा धावत सुटतो.

चाकापर्यंत पोचला की नाही, ते तुम्हीच ऐका.

पुढच्या अंकात : हरभऱ्यावरील घाटेअळी, कामगंध सापळे लावण्याची वेळ आणि पक्षिथांबे.